जेवणाऐवजी शेक : घरात वाद पेटलाय, तुमचं काय म्हणणं?

तापीकाठचा
मंडळी, धागा कुठे टाकावा कळेना म्हणून खाणंपिणं मध्ये टाकतोय, चुकला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा. मी भुसावळला घरूनच काम करतो, क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे घरात सगळे झोपले की माझी जेवायची वेळ होते. आधी आई ताट झाकून ठेवायची, रात्री दीडला गार भाकर नि गार भाजी, त्यातही कॉल लांबला की ते तसंच राहायचं आणि मग पहाटे शेव, चिवडा, बिस्किटं जे हाताला लागेल ते. आता बरेच महिने झाले, रात्रीच्या त्या जेवणाऐवजी शेक घेतो. पावडर, दूध, बाटली हलवली की झालं, ४०० च्या आसपास कॅलरी, २० ग्रॅमच्या वर प्रोटीन. अ‍ॅसिडिटी गेली, पोट थोडं उतरलं. दुपारी उठल्यावर घरचंच जेवतो, म्हणजे जेवण सोडलंय असं काही नाही.

पण घरात रोज यावरून तोंड वाजतं. आई म्हणते अन्नाला नाट लावू नको. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) काका आले होते, मी रसासोबत खापरावरच्या पोळ्या व्यवस्थित हाणल्या तर म्हणे मग पावडर कशाला पितोस, आणि खाल्ल्या नसत्या तर म्हणाले असते पोरगं वाया गेलं. खरंच काही नुकसान असेल तर सांगा, कुणी बरेच दिवस घेतंय का? भावनिक भाषण नको प्लीज, ते घरी मिळतं.

कापूसवाला
भावनिक नाही पण एक विचारतो. जेवताना माणूस चार शब्द बोलतो, कुणाचं काय चाललंय ते कळतं. बाटली तोंडाला लावून स्क्रीनकडे बघत बसायचं याला काय म्हणायचं? आमच्याकडे वेचणीच्या दिवसात मजुरांसोबत बांधावर बसून भाकर, ठेचा, कांदा खातो, त्याची मजा कुठल्या डब्यात नाही.

तापीकाठचा
रात्री दीडला कुणाशी बोलू भाऊ, कुत्री असतात रस्त्यावर तेवढी.

अहिरानी_गडी
भो, माले एक सांग, हाई पावडर पिईसन तुले भूक लागस नही का? आमनाकडे निंदणीले जानारी बाई सकायले दोन भाकरी खास तरी बारा वाजता तिले भूक लागस. तू बठी काम करस म्हनीसन चालस, वावरमा ये नी मंग दखाड.

धुळे_आहार
गड्याचा प्रश्न बरोबर आहे. मी धुळ्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तेवढ्याच कॅलरी प्यायल्या आणि चावून खाल्ल्या तर प्यायलेल्याने पोट कमी वेळ भरल्यासारखं वाटतं, पातळ पदार्थ पोटातून लवकर पुढे सरकतो आणि चावणंही होत नाही. ज्वारीची भाकरी तासन्‌तास दम धरते त्याला कारण आहे, १०० ग्रॅम ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. बैठं काम असेल तर शेकवर भागतं, अंगमेहनतीला नाही भागणार.

तापीकाठचा, तुमच्या केसमध्ये मला फार काळजीचं काही दिसत नाही. एक वेळ शेक, बाकी घरचं, आणि शेकच्या जागी आधी शेव-बिस्किटं होती. तुलना त्याच्याशी करायची, आईच्या गरम जेवणाशी नाही, कारण ते गरम जेवण तुमच्यापर्यंत पोचतच नव्हतं. फक्त डबा नीट वाचा. मील रिप्लेसमेंट म्हणजे जेवणाच्या जागी घ्यायची पावडर वेगळी, नुसतं व्हे प्रोटीन म्हणजे दुधातून काढलेलं प्रोटीन वेगळं आणि टीव्हीवरची दुधात टाकायची चॉकलेटी पावडर आणखी वेगळी. वजन कमी करण्यासाठी जेवणाच्या जागी घ्यायच्या पदार्थाला कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकात एका वेळी २०० ते ४०० कॅलरी अशी हद्द घातलेली आहे, शिवाय प्रोटीन, जीवनसत्त्वं, क्षार किती हवेत तेही. व्हे प्रोटीन पाण्यात घालून त्याला जेवण म्हणणारे खूप येतात माझ्याकडे, ते जेवण नव्हे.

जिम_जळगाव
आमच्या जिममध्ये निम्मी पोरं तेच करून राहिली. सकाळी स्कूप, रात्री स्कूप, मध्ये वडापाव.

दालमिलवाला
या प्रोटीनच्या गप्पा ऐकून हसू येतं. जळगावात डाळ मिलची एवढी मोठी लाइन आहे, सगळ्या देशात डाळ जाते इथून, आणि आमची पोरं परदेशी डब्यातून प्रोटीन शोधून राहिली. तुरीच्या डाळीत १०० ग्रॅमला २१-२२ ग्रॅम प्रोटीन, उडदात त्याहून थोडं जास्त, शेंगदाण्यात २३ च्या पुढे. कळण्याची भाकरी घ्या, चार वाटे ज्वारी नि एक वाटा उडीद धरला तर १०० ग्रॅम पिठात बारा-तेरा ग्रॅम होतं. आणि ज्वारीत लायसिन (प्रोटीनचा एक घटक) कमी असतं ते उडीद भरून काढतो, उडदात जे कमी ते ज्वारीत असतं. आपल्या म्हाताऱ्यांनी हे लॅबशिवाय जमवलं होतं. वर फुणके-कढी, डुबुकवडे, वरण-बट्टी, सगळ्यात डाळच.

जिम_जळगाव
काका १०० ग्रॅम डाळ एका वेळी खातं कोण? वाटीभर वरणात पंचवीस-तीस ग्रॅम डाळ असते म्हणजे सहा ग्रॅम प्रोटीन, तेही वरण दाट असेल तर. लग्नातलं वरण तर विचारूच नका, बट्टी पोहते त्यात. आणि आपण म्हणतो डाळ डाळ पण हॉटेलात बसलो की शेवभाजी, त्यात बेसन आहे मान्य, पण वर बोटभर तर्री.

धुळे_आहार
दोघांचंही थोडं थोडं बरोबर. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हिशोबाने मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम रोज, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. तीन-चार भाकरी, दोन वेळा दाट वरण किंवा उसळ, ताक-दूध, मूठभर दाणे यात ते सहज बसतं, फक्त ते सगळं रोज ताटात यायला हवं. हैदराबादच्या एनआयएनने (राष्ट्रीय पोषण संस्था) २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तर शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळा असं स्पष्टच म्हटलंय.

आरोग्य_कोच
नमस्कार ताई-दादांनो, योग्य मार्गदर्शनाशिवाय शेक घेऊ नका. आमच्याकडे फ्री बॉडी चेकअप, फॅट किती, वय किती दाखवतं सगळं कळेल, शुगर-बीपी-थायरॉइड सर्वांना रिझल्ट, मला मेसेज करा, नंबर

अ‍ॅडमिन
नंबर उडवला. परत टाकलात तर आयडीही उडेल.

मेहरूणची_बोरं
बरं झालं हे आले, मला त्यांच्याबद्दलच बोलायचं होतं. आमच्या कॉलनीत एका बंगल्याच्या हॉलमध्ये सकाळी असा क्लब भरतो. कंपनीचं नाव घेत नाही. आधी वजनकाट्यावर उभं करतात, तो काटा तुमचं ‘शरीराचं वय’ सांगतो आणि ते नेहमी खऱ्या वयापेक्षा जास्तच निघतं, मग एक हिरवट पाणी, मग चहासारखं काहीतरी, मग शेक, मग टाळ्या. कुणाचं अर्धा किलो उतरलं तरी टाळ्या. मी डबा उलटा करून वाचला तर एका वेळच्या पावडरीला ९० कॅलरी. त्याला जेवण म्हणायचं! दोन वेळा तेच प्यायलं की वजन उतरणारच, तुम्ही उपाशी आहात ना. महिनाभरात आपण गिऱ्हाईक असतो ते ‘पार्टनर’ होतो आणि मग नणंद, भावजय, भिशीतल्या बायका यांना पकडायचं.

तिथवर मी हसत होते. पण शेजारच्या काकूंना कुणीतरी सांगितलं की शेकने शुगर जाते, आता गोळ्यांची गरज नाही. काकूंनी गोळ्या बंद केल्या, पुढे चक्कर येऊन पडल्या, दवाखान्यात नेलं तेव्हा शुगर आकाशाला भिडलेली. आज बऱ्या आहेत. त्या सांगणाऱ्या बाई अजून क्लबात टाळ्या वाजवतात.

दालमिलवाला
हेच म्हणत होतो मी. सगळं फ्रॉड.

धुळे_आहार
सगळं फ्रॉड म्हणू नका, गंमत अशी की शेकवर मधुमेहाचा चांगला अभ्यास झालेला आहे. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये डायरेक्ट नावाची चाचणी झाली, निकाल २०१७ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. टाइप २ मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत झालेली, इन्सुलिन न घेणारी जवळपास ३०० माणसं. निम्म्यांना तीन ते पाच महिने फक्त सूप नि शेक, दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरी, मग हळूहळू जेवण परत सुरू आणि पुढे सतत पाठपुरावा. वर्षाअखेर त्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाशिवाय आटोक्यात होता, दुसऱ्या गटात ४ टक्के. दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले, म्हणजे काहींचा परत आला.

आता यातलं अर्धंच वाक्य क्लबात पोचतं. तिथेही गोळ्या पहिल्या दिवशीच बंद केल्या होत्या, पण डॉक्टरांनी, आणि साखर नि बीपी मोजत राहून. औषधं तशीच ठेवून खाणं एवढं कमी केलं तर साखर धोकादायक खाली येऊ शकते, बीपीचंही तेच, आणि औषध बंद करून मनाला येईल तसं खाल्लं तर काकूंचं झालं ते होतं. वजन फार वेगाने उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते. कॉलनीतल्या हॉलमध्ये हे कोण बघणार? काम शेकने केलं नाही, वजन कमी झालं म्हणून झालं. जे भाकरी-भाजी मोजून खाऊन तेवढंच वजन उतरवतात त्यांनाही फायदा मिळतो, फक्त मोजायला कंटाळा येतो आणि पाकिटात मोजलेलंच असतं.

वाचनवेडा_अमळनेर
हे काही नवीन फॅड नाही हो. अमेरिकेत १९५९ ला मेट्रेकल नावाचं पेय आलं होतं, दिवसभर तेच प्यायचं, एकूण ९०० कॅलरी, साठच्या दशकात लोक वेडे झाले होते त्याच्यामागे. मग ७७ साली स्लिमफास्ट. २०१३ ला रॉब राइनहार्ट या इंजिनिअरने सॉयलेंट काढलं, त्याचं म्हणणं वजनाबद्दल नव्हतंच, बाजार, स्वयंपाक, भांडी यात वेळ नि पैसा जातो तो वाचवायचा. लोकांनी वर्गणीतून १० लाख डॉलरच्या वर पैसे दिले त्याला. म्हणजे आधी बारीक व्हायला प्यायचे, आता वेळ नाही म्हणून पितात.

चोपडेकरीण
आत्तापर्यंत वाचत होते, वाचनवेडांनी शेवटी ‘बाजार, स्वयंपाक, भांडी’ म्हटलं म्हणून लिहिते. वरचे सगळे प्रतिसाद परत वाचा, भाकरी, कळणा, फुणके, डुबुकवडे, खापरावरच्या पोळ्या, सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलंय पण करायचं कुणी ते एकानेही लिहिलेलं नाही.

मी बँकेत आहे, चोपड्याला. मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री असते ते सांगायला नको. सकाळी साडेपाचला ओटा तापायला लागतो. भाकरीचं पीठ आधी मळून ठेवता येत नाही, ज्वारीला चिकटपणा नसतो, एकेका भाकरीचं गरम पाण्यात मळायचं, थापायचं, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, पलटायचं, मग आचेवर फुगवायची, तोवर पुढचीचं पीठ मळलेलं पाहिजे. पंखा लावता येत नाही, गॅस फडफडतो. घाम पिठात पडू नये म्हणून खांद्याने कपाळ पुसायचं. सासूबाईंना तिखट चालत नाही म्हणून त्यांचं वेगळं, पोरांना भाकर नको म्हणून पोळी. सगळ्यांचे डबे भरून झाले की माझ्या डब्यात काय असतं? तव्यावरची शेवटची मोडकी आणि भाजीचा तळ.

मी गेल्या उन्हाळ्यापासून दुपारी बँकेत शेक घेते. चव? ओल्या खडूला व्हॅनिला लावल्यासारखी आहे, आवडते म्हणून घेत नाही. पण कुणाच्या उरल्यासुरल्यावर माझं जेवण अवलंबून नाही. स्टाफमधले विचारतात मॅडम डाएट का, मी हो म्हणते, लांबण कशाला लावा.

आणि हो, भरीत मला प्रचंड आवडतं. नोव्हेंबर-डिसेंबरात शेतात पार्टी होते, काड्यांच्या जाळात वांगी भाजायला सगळे पुरुष पुढे असतात, मिरच्या-लसूण कुटतात, फोटो काढतात, ‘आज बायकांना सुट्टी’ म्हणतात. पुऱ्या आणि कळण्याच्या भाकरी मात्र घरून आम्हीच करून आणलेल्या असतात.

मेहरूणची_बोरं
ताई काय लिहिलंय!! भरीत पार्टीचं तर अगदी अगदी.

कापूसवाला
ताई मुद्दा शंभर टक्के मान्य, भरीत पार्टीत मीही असाच मिरवतो. पण मग उपाय शेक आहे का? घरातल्या पुरुषाने भाकरी शिकावी, पोरांना भाकर गोड लागायला लावावी. बाईने थकून पावडर प्यायची आणि बाकी सगळं जसंच्या तसं, यात बदललं काय?

चोपडेकरीण
काहीच बदललं नाही, फक्त मी दुपारी उपाशी नसते. मिस्टर शिकतायत थापायला, पीठ अर्धं ओट्यावर असतं पण शिकतायत. मी शेकची बाजू घ्यायला आलेले नाही, पण ज्याला रोज आयतं ताट मिळतं त्याने ‘जेवणाची मजा’ यावर प्रवचन देऊ नये एवढंच.

आणि तापीकाठचा, तुम्हालाही सांगते. आई चिडते ती अन्नाच्या अपमानाने असेलही, पण जागून ताट झाकायचं कामही गेलं ना तिचं? एकदा विचारा, मनातून सुटल्यासारखं वाटत असेल तिला.

लोको_भुसावळ
आमच्या लाइनीचा अनुभव सांगतो. मी गाडीवर असतो, बडनेऱ्याकडे जातो कधी इगतपुरीकडे. ड्युटीला वेळ नसते, रात्री दोनला साइन ऑन (हजेरी) तर पुढच्या दिवशी दुपारी. जेवण कधी केबिनमध्ये, कधी रनिंग रूमला (आमची विश्रांतीची खोली) पोचल्यावर. असिस्टंट नवीन पोरं आहेत, त्यातल्या एकाने हा शेक सुरू केला, म्हणे सांडत नाही, हात खराब होत नाही. पण बहुतेक इंजिनांत संडास-बाथरूमची सोय नसते. आम्ही पाणीसुद्धा हिशोबाने पितो, अर्धा लिटर दूध-पावडर पोटात ढकलून मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, तास दीड तास उभी राहिली की काय करणार? त्याने सोडलं ते. आता पोळीचा रोल आणि शेंगदाण्याची चटणी नेतो. महिला लोको पायलट तर किती कमी पाणी पितात ते त्यांनाच विचारा. एवढं सगळं प्यायचं म्हणजे जवळ बाथरूम असणाऱ्यांची चैन आहे भो.

तापीकाठचा
हा अँगल डोक्यातच नव्हता.

सातपुडा
मी नंदुरबार जिल्ह्यात धडगाव भागात अंगणवाडीच्या कामाशी संबंधित आहे, म्हणून थोडं वेगळं. तुम्ही ज्यावर वाद घालताय ते पाकीट आमच्याकडे गरिबांच्या घरी कधीच पोचलंय, फक्त त्याला कुणी लाइफस्टाइल म्हणत नाही. घरी न्यायचा आहार म्हणून तयार पिठाची पाकिटं यायची, गरम पाण्यात कालवलं की शिरा किंवा उपमा. चव मुलांना आवडली नाही की ते बकरीच्या पुढ्यात. बाईला मक्याची भाकर नि उडदाची डाळ माहीत, तिला ते अन्न वाटतच नाही.

याउलट २०१५ पासून आदिवासी भागात अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा गरम चौरस आहार असतो. जिथे अंगणवाडीत नीट शिजतो आणि बाया एकत्र बसतात तिथे त्या येतात, तान्हं मांडीवर घेऊन येतात. अडचणी आहेतच, पाडे लांब, पावसाळ्यात नाले, पण खाल्लं जातं हे मी डोळ्यांनी बघतो.

आणि तरी पाकीट वाईट असं मी म्हणणार नाही. अतितीव्र कुपोषित मुलासाठी शेंगदाणा, दूध पावडर, साखर, तेल यांची पेस्ट असते, ९२ ग्रॅमच्या पुडीत ५०० कॅलरी, वर जीवनसत्त्वं नि क्षार. त्यात पाणी घालावं लागत नाही हीच तिची खरी करामत, कारण आमच्याकडे पाणीच धड नसतं, आणि पेस्टमध्ये पाण्याचा अंश जवळपास नसल्याने जंतूही वाढत नाहीत. ते मूल ताटभर भाकर खाऊच शकत नाही, पोट एवढंसं. काही आठवडे ती पेस्ट, मग घरचं. औषध म्हणून दिली तर पोर उभं राहतं. पण पेस्ट वाटली म्हणजे डाळ-अंडं द्यायची जबाबदारी संपली असं वरच्यांना वाटायला लागलं की मग मला राग येतो.

धुळे_आहार
सातपुडा, सलाम. दवाखान्यातही तसंच, लकव्याच्या पेशंटला नळीतून द्यायचं असतं, केमो चाललेल्याला घास गिळवत नाही, तिथे पावडरच कामाला येते आणि नातेवाईक मात्र नळीतून डाळीचं पाणी द्या म्हणून हट्ट धरतात. डाळीच्या पाण्यात डाळ नसते हो.

दालमिलवाला
बरं बाबा, सगळं फ्रॉड हे शब्द मागे. पण धडधाकट माणसाने रोज पैसे मोजून ते प्यावं हे अजून पटत नाही. डबा दोन हजाराच्या वर, तेवढ्यात महिनाभराची तूरडाळ, शेंगदाणे येऊन वर पैसे उरतात. आणि ज्यांना प्यायचंच आहे त्यांनी सातूचं पीठ ताकात कालवावं, ज्वारीच्या कण्या ताकात घ्याव्या, उन्हाळ्यात आमची आजी तेच द्यायची.

धुळे_आहार
काका ते छान आहे, पण त्यात ब१२, लोह, कॅल्शिअम त्या डब्याएवढं नसतं, ते बाकीच्या जेवणातून यावं लागतं. एका वेळेला चालेल, रोज दोन्ही वेळा तेवढंच नको.

जिम_जळगाव
लोक पावडरला नावं ठेवतात पण लहानपणी आपण सगळेच दुधात पावडर घालून प्यायलोय, आया स्वतः द्यायच्या. २०२४ ला सरकारने ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं की बोर्नव्हिटा वगैरे ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून दाखवू नका, तोवर कुणाला साखर दिसली नव्हती.

तापीकाठचा
सगळ्यांचे आभार. चोपडेकरीण ताई, आईला विचारलं. म्हणाली ‘मले काय झोप नको होती का?’ आणि परत पाच मिनिटांनी म्हणाली पण रात्रीचं गरम खायला पाहिजे. म्हणजे दोन्ही. सध्या असं ठरलंय की सुट्टीच्या रात्री सगळ्यांसोबत आठला जेवायचं, कामाच्या रात्री शेक, आणि रक्ताची तपासणी एकदा करून घेतो, ब१२ वगैरे.

एक फालतू प्रश्न राहिला. शेकरला वास बसतो त्याचं काय करता? रात्री प्यायलो आणि सकाळी धुवायचा राहिला तर या उन्हात दुपारी झाकण उघडवत नाही, आई म्हणते मोरीत ठेवूच नको. साबणाने घासून, गरम पाण्याने, सगळं करून झालं.

चोपडेकरीण
झाकणाच्या आतली रबरी रिंग चमच्याच्या टोकाने उचलून काढा, दूध तिच्याखाली जाऊन बसतं. ती वेगळी धुवायची, बाटली उन्हात उघडी वाळवायची.

तापीकाठचा
रिंग निघते?!

जिम_जळगाव
मलाही आजच कळलं. काढली आत्ता. काय होतं त्याच्याखाली ते लिहीत नाही, लोक जेवत असतील.